साहसाची हौस आणि रानाचे मोल

हिवाळा सुरू झाला की वडूज-खटावकडील तरुणांना वासोट्याची ओढ लागावी, यात नवल नाही. उघडेबोडके माळ आणि येरळेचे कोरडे पात्र पाहत जे वाढले, त्यांना आपल्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला भर दुपारी अंधारून येणारे रान भेटावे, हा निसर्गाचा चमत्कारच होय. बामणोलीस नावेत बसावे, शिवसागराचे पाणी ओलांडावे आणि व्याघ्रगडाची चढण धरावी. साताऱ्याच्या बाजूने पाण्याखेरीज सोयीची वाट नसल्यामुळे हे अरण्य एखाद्या बेटासारखेच झाले आहे.

गवा, अस्वल, सांबर, बिबट्या आणि शेकरू यांचे हे घर. कोयना अभयारण्य 1985 साली जाहीर झाले, 2010 साली त्याचा समावेश सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात झाला आणि 2012 साली युनेस्कोने ते जागतिक वारशात गणले. परंतु या वैभवाची किंमत कोणी मोजली, याचे स्मरण सहलीस जाणाऱ्यांस क्वचितच असते. कोयनेच्या धरणासाठी नदीकाठची गावे उठली. पुढे अभयारण्यासाठीही खेडी हलविली गेली. ज्या पाण्यावरून आपली नाव जाते, त्याच्या तळाशी कुणाची तरी शेते आहेत.

आता याच परिसरावर पर्यटनाची नजर वळली आहे. शासनाने 2024 साली मुनावळे येथे जलक्रीडांचे केंद्र सुरू केले. नव्या महाबळेश्वराची योजनाही पुढे आली आहे. जावळीच्या तरुणाला मुंबईची वाट धरावी लागू नये, ही अपेक्षा सर्वथा रास्त आहे. तथापि ज्या शांततेसाठी लोक येथे येतात, तीच यंत्रांच्या घरघरीत आणि प्लास्टिकच्या कचऱ्यात हरवली, तर उद्या या रोजगाराचा आधार तरी काय उरणार?

हा प्रश्न जावळीचा आहे, आपल्याला त्याचे काय, असे दुष्काळी पट्ट्यातील वाचकाने मुळीच म्हणू नये. उरमोडीचा उगम कासच्या पठारावर आहे आणि तिचे पाणी उचलून खटाव-माणच्या शिवारात आणले जाते. डोंगरमाथ्यावरील झाडी पाऊस अडवते, मुरवते आणि सावकाश सोडते. ती विरळ झाली तर माती वाहून धरणांत साचेल, आणि पाण्याच्या वाटेवर शेवटी असलेल्या आपल्यालाच ती झळ लागेल.

म्हणून तीन गोष्टी व्हाव्यात. रानात जाणाऱ्यांची रोजची संख्या रानाच्या सोसण्यावरून ठरावी, नावांच्या संख्येवरून नव्हे. पर्यटनाच्या उत्पन्नावर पहिला हक्क धरणग्रस्तांचा आणि काठावरील गावांचा असावा. आणि शिक्षकांनी सहल काढण्यापूर्वी वर्गात या रानाचा एक तरी पाठ द्यावा. त्याची सुरुवात घराजवळही करता येईल. रोहित पक्ष्यांसाठी ख्यात असलेला मायणीचा तलाव आपल्याच तालुक्यात आहे. तेथे तासभर आवाज न करता बसण्यास जो विद्यार्थी शिकेल, त्याच्या हाती वासोट्याचे रान निर्धास्तपणे सोपविता येईल.