करडईचं तेल चेहऱ्याला चालतं, पण कोणत्या?

माघ सरत आला की माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात वारं कोरडं होतं. ज्वारी काढणाऱ्या बाया तोंडाला पदर गुंडाळतात, तरी गाल ताठतात, नाकपुडीच्या कडेला सालं निघतात आणि साबण लागला की आग होते. शहरात यावर परदेशी तेलांच्या महागड्या बाटल्या खपतात. त्याच शिवारात, ज्वारीच्या कडेनं, जनावरं आत शिरू नयेत म्हणून पेरलेली काटेरी करडई उभी असते. तिचं तेल भाजीला चालतं. चेहऱ्याला चालतं का?

चालतं, पण सगळ्याच चेहऱ्यांना नाही.

कातडीच्या वरच्या थरातला ओलावा धरून ठेवायला लिनोलिक आम्ल लागतं आणि शरीर ते स्वतः बनवत नाही. नेहमीच्या करडई तेलात ते सुमारे 75 टक्के असतं, खोबरेलात जेमतेम 2 टक्के. ऑलिव्ह तेलाचा दबदबा मोठा, पण त्यात ओलेइक आम्लाचा भरणा अधिक. ब्रिटनमध्ये 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात काही आठवडे हाताला ऑलिव्ह तेल लावलेल्यांची कातडी कमकुवत झाली, किंचित लालही झाली. लिनोलिक आम्ल भरपूर असलेल्या सूर्यफूल तेलानं तसं केलं नाही. ‘इंडियन पेडियाट्रिक्स’मध्ये 2005 साली आलेल्या अभ्यासात करडई तेलानं मालिश केलेल्या नवजात बाळांच्या रक्तात आवश्यक स्निग्धाम्लं वाढलेली आढळली. म्हणजे हे तेल कातडीत मुरतं. मात्र हे प्रयोग बाळांवर आणि हातांवर झालेले आहेत; तेवढ्यावरून तेलाचं औषध होत नाही.

सातारा जिल्ह्याचं या पिकाशी नातं जुनं आहे. बनबिहारी निंबकर यांनी 1968 साली फलटणला स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं करडईवर अनेक वर्षं काम केलं. काट्यांमुळे काढणीला माणूस मिळेना, ही शेतकऱ्याची खरी अडचण. संस्थेनं बिनकाट्याचे वाण काढले. ‘नारी-एनएच-1’ हा त्यातला संकरित वाण. तरीही राज्यातलं करडईचं क्षेत्र घटतच गेलं आणि घाण्यावरचं शुद्ध करडई तेल शोधावं लागतं.

आता दुसरी बाजू. गावाकडच्या चेहऱ्यावरची खाज दरवेळी कोरडेपणाची नसते. 1950च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नजरेत भरलेलं गाजरगवत आज बांधाबांधावर आहे. त्याच्या सुकलेल्या कणांनी पापण्या, गाल, मान, कोपराची घडी लाल होते, खाजते, पुढे जाड होते. शेतात गेलं की त्रास वाढतो, ही त्याची मोठी खूण. तिथे तेल काही करत नाही. शिवाय करडई, झेंडू, शेवंती आणि गाजरगवत एकाच कुळातली. ज्यांना गाजरगवत बाधतं त्यांनी करडईही जपूनच वापरावी. भुवया आणि नाकाच्या कडेला तेलकट, पिवळसर खपल्या धरत असतील तरी तेल नको. तिथली बुरशी तेलावरच पोसते.

यापेक्षा घातक सवय म्हणजे मेडिकलमधून आणलेली ‘खाजेची ट्यूब’. त्यातल्या स्टेरॉइडनं दोन दिवसांत बरं वाटतं. महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, मुरमं येतात, लव वाढते आणि ट्यूब थांबवली की आग दुप्पट होते. अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारनं 2018 साली नियम कडक केले. तरी ती ट्यूब शेजारणीकडून शेजारणीकडे फिरतेच.

तेव्हा कोरडेपणा असेल तर घाण्यावरचं, वास न आलेलं करडई तेल थोडंच आणावं. ते लवकर खवट होतं, म्हणून गडद बाटलीत, उन्हापासून लांब ठेवावं. आधी तीन-चार दिवस कोपराच्या आत लावून पाहावं. काही झालं नाही तर रात्री ओलसर चेहऱ्यावर तीन-चार थेंब पुरेत. हळद, लिंबू, कापूर काही मिसळू नये. दोन आठवड्यांत उतार पडला नाही, किंवा पाणी सुटलं, पापण्या सुजल्या, तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा सातारा-सांगलीच्या सरकारी रुग्णालयात त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं, आणि जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूबा सोबत न्याव्यात.