मेंदू वाट पाहत नाही

लहान मुलाचा हात किंवा पाय कापावा लागला की घरादारावर आभाळ कोसळते. वडीलधारी मंडळी हळहळतात आणि कृत्रिम अवयवाचा विषय निघाला की 'मोठा झाल्यावर पाहू' म्हणून तो पुढे ढकलतात. मुलाचा मेंदू मात्र तोवर थांबत नाही.

शरीराच्या प्रत्येक भागाच्या स्पर्शासाठी मेंदूत ठराविक जागा असते. माँट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड यांनी १९३७ मध्ये तिचा नकाशाच मांडला. त्यात हात आणि तोंड सख्खे शेजारी आहेत. फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात २०१५ मध्ये आठ वर्षांच्या एका मुलावर दोन्ही हातांचे प्रत्यारोपण झाले. जंतुसंसर्गामुळे दुसऱ्या वर्षीच त्याचे हातपाय गेले होते. त्याच्या मेंदूत ओठांच्या स्पर्शाची जागा हातांच्या जागेकडे सरकलेली आढळली. नवे हात रुळले तशी ती मागे परतली आणि हातांना आपली जागा पुन्हा मिळाली. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. उलट, प्रौढपणी हात गमावलेल्यांच्या मेंदूत जुन्या हाताचा नकाशा वर्षानुवर्षे टिकून राहतो, असे अलीकडचे संशोधन सांगते.

प्रत्यारोपण सर्वांच्या वाट्याला येणारे नाही. त्यानंतर जन्मभर घ्यावी लागणारी औषधेही सोपी नसतात. परंतु यातला धडा सर्वांसाठी आहे. बालमेंदू रिकाम्या जागेचा शोक करीत बसत नाही. उरलेल्या अवयवांना घेऊन तो कामाला लागतो. म्हणूनच पायाने लिहू पाहणाऱ्या मुलाला 'हे बरे दिसत नाही' असे दटावणे म्हणजे त्याच्या शिक्षणावरच घाला घालणे होय. आणि कृत्रिम अवयव द्यायचा, तर तो वेळेवर दिला पाहिजे व वाढत्या अंगाबरोबर बदललाही पाहिजे.

२०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने ४० टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना १८ वर्षे वयापर्यंत योग्य साहाय्यक साधने विनामूल्य देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. परंतु पाचव्या वर्षी बसवलेला पाय सातव्या वर्षी तोकडा पडतो, हे फायलीला कुठून कळणार? अर्ज, दाखले आणि मंजुरी यांत वर्ष सरले, तर हाती येणारे साधन म्हणजे वरातीमागून घोडे! प्रत्येक शैक्षणिक वर्षाच्या आरंभी शाळेनेच अशा मुलांच्या साधनांची तपासणी करवून घ्यावी आणि शासनाने त्यावर विनाविलंब निर्णय द्यावा. मुलाचा मेंदू आपले काम चोख करीत आहे. प्रश्न आपल्या कामाचा आहे.