उंची विचारून फ्रेम विकू नका

पाऊस ओसरला, ब्रेव्हेच्या तारखा लागल्या, की आपल्या दुकानांत रोड बाइकची चौकशी वाढते. गिऱ्हाईक आत आलं की पहिला प्रश्न ठरलेला : ‘उंची किती?’ उत्तर मिळालं की तक्त्यावर बोट फिरतं आणि ‘तुम्हाला ५२ बसेल’ असा निकाल लागतो. ५२ शिल्लक नसेल तर ५४सुद्धा कशी छान बसते, हे तितक्याच ठामपणे पटवलं जातं. सीट जरा खाली, जरा पुढे, की झालं काम! शिंपीसुद्धा नुसती उंची विचारून सदरा बेतत नाही. आपण मात्र लाखभराची सायकल तेवढ्यावर विकतो.

समजा, दोन गिऱ्हाइकं आहेत, दोघांची उंची १६८ सेंमी. एकाच्या पायाची आतली लांबी ७६ सेंमी, दुसऱ्याची ८१. ग्रेग लेमाँडच्या नावाने रूढ झालेला ०.८८३चा गुणक लावला, तर बीबीच्या मध्यापासून सीटची उंची एकाची ६७ सेंमी आणि दुसऱ्याची साडेएकाहत्तर येते. हा साडेचार सेंमीचा फरक सीटपोस्ट निमूटपणे पोटात घालते, म्हणून सायकल बसली असं वाटतं. गोची पुढे आहे. ज्याचे पाय लांब, त्याचं धड तेवढंच आखूड. त्याची सीट वर गेली आणि हँडल होतं तिथंच राहिलं. त्याला हँडल अधिक उंच आणि अधिक जवळ हवं. तक्ता दोघांच्या हाती एकच फ्रेम देतो.

मुळात ‘५२’ हा आकडा तरी कशाचा? एके काळी तो सीट ट्यूबच्या लांबीचा होता. १९९०च्या दशकात माइक बरोज यांनी जायंटसाठी उतरत्या टॉप ट्यूबची टीसीआर आखली, पुढे सगळ्याच कंपन्या त्या वाटेने गेल्या, आणि सीट ट्यूबवरून माप ठरवण्यात अर्थ उरला नाही. टॉप ट्यूबवर उभं करून खाली दोन बोटं जागा आहे का हे पाहण्याची जुनी चाचणीही त्याबरोबर निकालात निघाली. उतरत्या फ्रेमवर ती जवळपास कोणीही पास होतो. आज विचारायचे ते दोन आकडे : बीबीच्या मध्यापासून हेड ट्यूबच्या माथ्यापर्यंतचं उभं अंतर, म्हणजे स्टॅक, आणि आडवं अंतर, म्हणजे रीच. कंपनी कोणतीही असो, फ्रेम फ्रेमशी ताडून पाहायची ती याच दोन आकड्यांवर.

लहान मापांत तर याची फारच गरज आहे. चाक ७००सीचंच ठेवून फ्रेम लहान करत गेलं की वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागू लागतं. पुढचं चाक फार जवळ आणता येत नाही, म्हणून हेड ट्यूब अधिक कलती आणि सीट ट्यूब अधिक उभी केली जाते. कागदावर टॉप ट्यूब आखूड दिसते, पण ती बरीचशी मागच्या बाजूने कापलेली असते. सीटची उंची ६५ सेंमी धरली, तर सीट ट्यूबचा एक अंश म्हणजे सीटच्या जागेत सुमारे ११ मिमीचा फरक. दीड अंश उभ्या ट्यूबवर सीट योग्य जागी मागे घेतली, की टॉप ट्यूबमधली १७ मिमीची ‘बचत’ गायब! भारतीय स्त्रियांची सरासरी उंची १५२ सेंमीच्या आसपास आहे. म्हणजे या सापळ्यात सर्वाधिक सापडतात त्या आपल्याकडच्या महिला रायडर. अमेरिकेत जॉर्जीना टेरी यांनी १९८०च्या दशकातच लहान फ्रेमला पुढे २४ इंची चाक लावून हा पेच सोडवला होता. आपण निदान गिऱ्हाइकाला तो समजावून तरी सांगावा.

फिटिंगचा क्रम मोडू नये. आधी सीटची उंची : पेडल तळाला असताना गुडघा साधारण २५ ते ३५ अंश वाकलेला असावा. मग सीट पुढे-मागे, पायांच्या हिशोबाने. हँडल सर्वांत शेवटी. हँडल लांब पडतंय म्हणून सीट पुढे सरकवणं ही आपल्या धंद्यातली सर्वांत रुळलेली चूक आहे. हातांचा त्रास तिने गुडघ्यांवर जातो. स्टेम बदला. हेड ट्यूब ७३ अंशाची असेल, तर १० मिमीचा स्पेसर हँडल जेमतेम तेवढंच वर नेतो आणि सुमारे ३ मिमी मागे आणतो, हे लक्षात ठेवा. कार्बन स्टिअरर असेल तर कंपनीने घालून दिलेली स्पेसरची मर्यादा ओलांडू नका. लहान फ्रेमवर १७० मिमीचा क्रँक आला असेल, तर १६५चा विचार जरूर करा. तादेय पोगाचारने २०२४ साली १६५ मिमी क्रँकवर टूर द फ्रान्स जिंकली. आखूड क्रँक म्हणजे नवशिक्यांचा, हा समज आता सोडायला हरकत नाही.

गल्लीत दोन चकरा मारून यातलं काहीच कळत नाही. ते कळतं साडेतेरा तासांच्या २०० किमी ब्रेव्हेत : कोपर ताठ, मान आखडलेली, करंगळी आणि अनामिका बधिर. बहुतेक जण ‘सराव कमी पडला’ म्हणून गप्प बसतात आणि काही महिन्यांनी सायकल विकायला काढतात. मापही कायमचं नसतं. १९६९मध्ये ब्लूआच्या ट्रॅकवर झालेल्या भीषण अपघातानंतर एडी मर्क्स आपल्या सीटची उंची सतत बदलत राहिला. एवढ्या मोठ्या रायडरचं शरीर बदलतं, तर आपल्या गिऱ्हाइकाचंही बदलणारच.

तेव्हा या हंगामापासून काही गोष्टी अंगवळणी पाडूया. बिल करण्याआधी अनवाणी उभं करून, भिंतीला टेकवून पायाची आतली लांबी, धड आणि हात मोजायचे. सीटची उंची, सीट बीबीच्या किती मागे, सीट ते हँडल अंतर आणि स्टेमची लांबी कार्डावर लिहून एक प्रत गिऱ्हाइकाला द्यायची. ८० ते ११० मिमीचे स्टेम हाताशी ठेवायचे आणि पहिल्या महिन्यातली अदलाबदल विक्रीच्याच किमतीत धरायची. आणि योग्य माप दुकानात नसेल, तर ‘मागवून देतो, थांबा’ म्हणायचं. त्यात एखादं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. जाऊ द्या, चुकीच्या मापाची सायकल आपल्या बिलावर तरी जाणार नाही.