रोझीने घर सोडले, ते कशासाठी?

कादंबरीवरून काढलेला सिनेमा पाहिला की आपल्यात हटकून दोन तट पडतात. पुस्तक आधी वाचलेल्या म्हणतात, ‘छे बाई, पार चोथा केला!’ न वाचलेल्या म्हणतात, ‘अहो, पण वहिदानं काम काय सुरेख केलंय!’ चहा गार होतो, पण एकीचं दुसरीला पटत नाही. अशा वेळी मला वाटतं, ज्यानं ती कादंबरी लिहिली त्याला काय वाटलं असेल? आर. के. नारायण यांना जे वाटलं ते त्यांनी लिहूनच ठेवलं आहे, म्हणून आज ‘गाइड’विषयी.

‘द गाइड’ ही त्यांची इंग्रजी कादंबरी १९५८ सालची. तिला १९६० मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६५ मध्ये विजय आनंद यांनी तिच्यावर हिंदी सिनेमा काढला, तो आपल्यापैकी बहुतेकींनी पाहिलेला असेलच. त्याच कथेवर एक इंग्रजी सिनेमाही निघाला होता, आणि त्याच्या लेखनात पर्ल बक होत्या. या सगळ्या अनुभवावर नारायणांनी पुढे एक लेख लिहिला. त्याच्या नावाचा अर्थच ‘दिशाभूल झालेला गाइड’ असा होतो! गंमत अशी की, हिंदी ‘गाइड’ला फिल्मफेअरची जी पारितोषिकं मिळाली, त्यांत उत्कृष्ट कथेचं पारितोषिक नारायणांच्याच नावावर आहे.

लेखात आदळआपट मुळीच नाही. नारायण हसत हसत चिमटे काढतात. सिनेमावाली मंडळी म्हैसूरला आली. नारायणांनी त्यांना मोठ्या हौसेनं नदीकाठ, खेडी, देवळं दाखवली. मालगुडी हे त्यांचं कल्पनेतलं गाव, पण ते ज्या मातीतून उगवलं ती माती ही. मंडळींनी माना डोलावल्या आणि कॅमेरे नेले ते थेट राजस्थानात, जयपूर-उदयपूरकडे. मोठा पडदा, रंगीत फिल्म. तिथं साधं दक्षिणी गाव कुठून शोभायचं? इंग्रजी सिनेमासाठी तर वाघांच्या झुंजीचाही घाट घातला गेला. कादंबरीत वाघाचा काय संबंध, हे बिचाऱ्या लेखकाला शेवटपर्यंत उमगलं नाही.

इथं मी पूर्णपणे नारायणांच्या बाजूची आहे. जुन्या इरकलीचा मुलीला फ्रॉक शिवायचा तर कात्री लावावीच लागते, त्याचं कुणाला वाईट वाटत नाही. पण काठच कापून टाकला तर इरकल राहिली कुठे? मालगुडीचं लहानपण हा त्या कथेचा काठ होता. शंकर नाग यांनी १९८६ च्या सुमारास दूरदर्शनसाठी ‘मालगुडी डेज’ केलं, तेही हिंदीतच की! पण त्यांनी कर्नाटकातलं आगुंबे नावाचं लहानसं गाव निवडलं, आणि लेखकाचे भाऊ आर. के. लक्ष्मण यांची चित्रं घेतली. स्वामीची ती शाळा, ती ओटी पाहताना आपण हिंदी ऐकतोय हे ध्यानातसुद्धा येत नाही.

पण मैत्रिणींनो, मला खरं बोलायचंय ते रोझीबद्दल.

कादंबरीतली रोझी देवदासींच्या घराण्यातली, अर्थशास्त्रात एम. ए. झालेली. लग्न जमलं ते वर्तमानपत्रातल्या जाहिरातीवरून. नवरा मार्को संशोधक, गुहांतल्या चित्रांत बुडालेला. त्याचं कसलंही लफडं नाही, हात उगारणं नाही, पैशाची ददात नाही. फक्त बायकोकडे पाहायला त्याला वेळ नाही, आणि तिचा नाच म्हणजे त्याच्या लेखी रस्त्यावरचा डोंबाऱ्याचा खेळ. रोझी राजूकडे ओढली जाते आणि नवऱ्याला ते कळतं. मग तो तीन आठवडे तिच्याशी एक अक्षर बोलत नाही. ती त्याच्या मागे मागे फिरते, विनवते. शेवटी तो तिला स्टेशनवर सोडून एकटाच गाडीनं निघून जातो. न मारता, न ओरडता! तो भाग मी वाचला तेव्हा पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले होते.

सिनेमात काय केलं? मार्कोला गुहेत एका आदिवासी बाईबरोबर दाखवलं. रोझी ते पाहते, भडकते, आणि स्वतः होऊन त्याला सोडते. आता गंमत पाहा. एका परीनं सिनेमानं तिला बळच दिलं. फलाटावर टाकून दिलेल्या बाईची त्यानं स्वतःच्या पायांनी बाहेर पडलेली बाई केली. मोकळ्या वाऱ्यावर वहिदा गाते तेव्हा कुणाचं मन उचंबळून येत नाही?

पण त्याची किंमत काय, तर नवऱ्याचा पाय घसरलेला दाखवावा लागला. म्हणजे असा पुरावा हातात असल्याशिवाय बाईनं पायात घुंगरू बांधायचे नाहीत! १९६५ चा प्रेक्षक एरवी रोझीला माफ करता ना, हे मला कळतं. तिकीट काढून आलेली माणसं नायिकेवर चिडून परत गेली तर धंदा कसा व्हायचा? तरी मला हा बदल वाघांच्या झुंजीपेक्षा मोठा वाटतो. आपल्याकडे एखादी म्हणाली, ‘मला गाणं पुढे शिकायचंय,’ ‘मला नोकरी करायचीय,’ तर पहिला प्रश्न येतो, ‘अगं, पण तुला कमी काय आहे? नवरा निर्व्यसनी आहे, घर आहे.’ कादंबरी त्या प्रश्नाला थेट भिडते. सिनेमानं तो प्रश्न उद्भवूच दिला नाही.

आपल्या मराठीत मात्र हे धाडस झालं आहे. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवरचा जब्बार पटेलांचा ‘उंबरठा’ (१९८२) आठवा. स्मिता पाटीलची सुलभा पहिल्यांदा घर सोडते तेव्हा तिच्या हातात नवऱ्याविरुद्ध काही नसतं. तिला काम करायचं असतं, बस्स. नवऱ्याचं दुसरं प्रकरण तिला कळतं ते फार नंतर. म्हणून तर ‘उंबरठा’ पाहून घरोघरी वाद झाले असतील, तसे ‘गाइड’ पाहून झाले नसतील.

शेवटच्या पावसाबद्दलही भांडता येईल. पुस्तकात पाऊस खरंच आला की उपासानं थकलेल्या राजूला तसा भास झाला, तो जगला की गेला, हे नारायण सांगतच नाहीत. सिनेमात धो धो पडतो. तो मी माफ करते. तीन तास बसलेल्यांना थोडं भिजवायलाच हवं!

‘गाइड’ पुन्हा पाहणार असाल तर आधी पुस्तक मिळवा. इंग्रजी अगदी सोपं आहे, आणि मराठी अनुवादही झाला आहे. त्यात राजूच्या आईचा भाग सावकाश वाचा. घरी आलेल्या रोझीला ती आधी जवळ करते, सावित्री-सीतेच्या गोष्टी सांगते, आणि शेवटी भावाबरोबर स्वतःचंच घर सोडून जाते. पुस्तकात घर सोडणाऱ्या बाया अशा दोन आहेत. आईचं चुकलं की बरोबर, यावर आमच्या वाचनमंडळात अजून एकमत नाही. तुमचं काय म्हणणं, ते जरूर कळवा.