खाण बंद झाली, भुकटी राहिली

कर्नाटकांतील कोलारच्या सोन्याच्या खाणी सुमारें १२० वर्षें चालून २८ फेब्रुवारी २००१ रोजीं बंद झाल्या. सोनें गेलें, परंतु सायनाइडनें तें काढून घेतल्यावर उरलेल्या भुकटीचे डोंगर मागें राहिले. उन्हाळ्यांत ती भुकटी वाऱ्याबरोबर शेतांवर उडते, पावसाळ्यांत ओढ्यानाल्यांत उतरते. सायनाइड ऊन व हवा लागून पुष्कळसें नाहींसें होतें खरें; दगडांतील जड धातू मात्र विरत नाहींत.

कोलार दूर आहे, असें कोणी म्हणेल. परंतु सोलापूर-पुणें रस्त्यावरील चिंचोळी औद्योगिक वसाहतीशेजारीं ज्यांच्या विहिरी आहेत, त्यांनीं यापासून धडा घ्यावा. तेथील पाणी बिघडलें आहे, असें आम्ही म्हणत नाहीं. तें आज कसें आहे याची नोंद शेतकऱ्याजवळ असावी, एवढेंच आमचें म्हणणें आहे. कारखाना चालू असेतों जाब विचारण्यास कोणीतरी असतें. कुलूप लागल्यावर कोणास विचारावयाचें?

म्हणून विहिरीचें पाणी पावसाळ्यापूर्वीं व नंतर तपासून घ्यावें. शिसें व सोमल यांची तपासणी मुद्दाम सांगून करवावी. माती वरच्या थराची व हातभर खालची निराळी घ्यावी. वसाहतीपासून दूरच्या तशाच जमिनीचा नमुना तुलनेसाठीं जोडावा. अहवाल सातबाऱ्याच्या उताऱ्याइतकाच जपावा. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यान्वयें प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार करतां येते. परंतु तक्रार करणाराच्या हातीं पुरावा नसेल, तर कायदा त्यास कितीसा तारणार?