गूगलला समुद्रपूरचा रस्ता कोण सांगणार?

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं लिखित मराठी जरा अडखळतंच. तरी हा विषय मराठीतच मांडतेय, कारण प्रश्न मराठी वेबसाइटींचा आहे.

माझं गाव समुद्रपूर, जिल्हा वर्धा. नागपूर-हैदराबाद हायवेवरच्या जामपर्यंत सगळ्या गाड्या येतात. समुद्रपूरला मात्र आत वळावं लागतं. सर्च इंजिनचंही तसंच. त्याचा क्रॉलर एका पानावरच्या लिंकवरून दुसऱ्या पानावर जातो. ज्या पानाकडे कुठूनच लिंक नाही, ते त्याच्या लेखी फाट्यावर पाटी नसलेलं गाव. साइटमॅप म्हणजे ती पाटी: साइटवरच्या पानांच्या पत्त्यांची एक साधी एक्सएमएल फाइल. गूगलने ही पद्धत २००५ मध्ये आणली, २००६ मध्ये याहू आणि मायक्रोसॉफ्टनेही तीच स्वीकारली. एका फाइलीत ५०,००० पत्ते मावतात. आपल्याकडच्या कुठल्या संस्थेला याहून जास्त लागणार आहेत, सांगा!

मित्रांनो, हे फक्त थिअरी पेपरपुरतं नाही. गेल्या वर्षी माझ्या मामेबहिणीने वसतिगृह प्रवेशाची सूचना मोबाइलवर मराठीत शोधली. मिळाली नाही. सूचना एका संस्थेच्या साइटवर होती, पण आधी वर्ष निवडा, मग विभाग निवडा, मग बटण दाबा, तेव्हा कुठे दिसायची. क्रॉलर सहसा असे ड्रॉपडाउन भरत बसत नाही. त्यात सूचना म्हणजे सही-शिक्क्याच्या कागदाचा वाकडा स्कॅन. तिला कळलं तोवर तारीख गेली होती. आता ती रोज बसने हिंगणघाटला अप-डाऊन करते.

साइटमॅप टाकला की काम फत्ते, असंही नाही. गूगल यादी वाचतं, पान घ्यायचं की नाही ते त्याचं तेच ठरवतं. आणि पानाला स्वतःचा पत्ताच नसेल तर यादीत लिहिणार काय? म्हणून आधी प्रत्येक सूचनेला कायमचा पत्ता द्या, मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. (जुन्या फॉन्टमधलं मराठी आपल्याला मराठी दिसतं, मशीनला ती रोमन अक्षरांची खिचडी!) पत्ता देवनागरीत असेल तर फाइलीत तो एन्कोड करावा लागतो, ‘समुद्रपूर’ हा एवढासा शब्द मग ८१ चिन्हांचा होतो. माझं मत विचाराल तर पत्ता रोमनमध्ये असला तरी चालेल, आतलं मराठी शुद्ध हवं.

लास्टमॉड म्हणजे पान शेवटचं बदललं ती तारीख. काही साइटी रोज सगळ्याच पानांवर आजची तारीख ठोकतात. ती खरी निघत असेल तरच गूगल मानतं. प्रायॉरिटी आणि चेंजफ्रीक तर ते बघतच नाही. तरी आपल्या प्रोजेक्टमध्ये दोन्ही इमानेइतबारे भरलेले असतात, कारण सिनियरची फाइल पेनड्राइव्हवर असते! असो.

यादीत सगळंच घालू नये, हेही खरं. मुलामुलींचे फोन नंबर असलेल्या याद्या मुळात साइटवरच नकोत. रोबोट्स डॉट टीएक्सटी म्हणजे कुलूप नव्हे.

सरांना एवढंच सुचवते की फायनल इयरला वेबसाइट प्रोजेक्ट असेल, तर व्हायवात हलतं बॅनर बघण्याऐवजी मराठीत दोन शब्द टाकून पान सापडतं का ते बघावं. साइटमॅप करणं एका दुपारचं काम आहे. जुन्या सूचना टाइप करायला मात्र हात लागतील. मी दिवाळीच्या सुट्टीत गावाकडच्या शाळेपासून सुरुवात करतेय. कुणाला यायचं असेल तर मेसनंतर रीडिंग रूममध्ये भेटा.