पेडलची पारख

सायकलच्या दुकानात ज्याला ‘क्लिपलेस’ म्हणतात, ते पेडल प्रत्यक्षात पाय पकडून ठेवते. नाव आणि काम यांतील हा विरोध प्रथम ऐकणाऱ्यास गोंधळात टाकतो. पूर्वी शर्यतीच्या सायकलींना पेडलच्या पुढे धातूची एक चौकट असे. तिच्यात बुटाचे टोक घालून वरून पट्टा आवळला जाई. त्या चौकटीस टो-क्लिप म्हणत. पाय सोडवायचा तर आधी हाताने पट्टा सैल करावा लागे, आणि पडणाऱ्या माणसास तेवढी उसंत नसते. १९८४ साली लूक या फ्रेंच कंपनीने बर्फावरच्या स्कीला बूट जखडण्याची युक्ती पेडलला लावली. पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो याने तसे पेडल वापरून टूर द फ्रान्स जिंकली. टो-क्लिप गेली, म्हणून पेडल क्लिपलेस झाले.

डोंगरवाटेवरच्या स्वारास मात्र अधूनमधून सायकल खांद्यावर घेऊन चालावे लागते, आणि बुटाखाली ठळक बाहेर आलेला तुकडा तेथे अडचणीचा ठरतो. १९९० साली जपानच्या शिमानो कंपनीने एसपीडी पेडल आणले. त्यात बुटाच्या तळव्यातील खोबणीत दोन स्क्रूंनी बसणारा, सुपारीएवढा पोलादी तुकडा असतो. त्यास क्लीट म्हणतात. पाय दाबला की स्प्रिंगचा जबडा क्लीट धरतो, टाच बाहेर वळवली की सोडतो. आज मावळ-मुळशीच्या वाटांवर पावसाळ्यात जाणारी तरुण मुले घरी ज्या पेडलांसाठी पैसे मागतात, ती बहुधा याच जातीची.

पैसे देणाऱ्या वडीलधाऱ्यांस एवढे ठाऊक असावे की येथे प्रश्न केवळ हौसेचा नाही. उतारावर तोल गेला आणि जबड्याने पाय सोडला नाही, तर मुलगा सायकलसकट कोसळतो. उलट, उभा राहून जोर लावताना पाय अवचित सुटला, तरीही तो पडतोच. धरणे आणि सोडणे ही दोन्ही कामे चिखलात, धुळीत आणि गंजात सारखीच चोख व्हावीत, हीच या वस्तूची खरी कसोटी होय.

दुकानात गिऱ्हाईक काय करतो? पेडल हातात घेऊन बोटाने भिरकावतो. ते गरगर फिरले की त्यास माल उत्तम वाटतो. ही पारख उलटी आहे. ज्या पेडलमध्ये ग्रीस पुरेसे भरले आहे आणि पाणी अडवणारे रबरी सील आसावर नीट टेकले आहे, ते नवे असताना किंचित जड फिरते आणि एखाद-दोन फेऱ्यांत थांबते. भिंगरीसारखे फिरणाऱ्यात ग्रीस कमी असते किंवा सील टेकलेले नसते. पहिल्याच पावसाचे पाणी त्यात शिरते. खरी परीक्षा दुसरीच. पेडल क्रँकला लावलेले असताना ते धरून आडवे-उभे हलवावे. किंचितही ढिलेपणा जाणवता कामा नये. मग अगदी सावकाश फिरवावे. वाळू रगडल्यासारखी खरखर बोटांना लागली, तर आतले छर्रे किंवा त्यांची वाट खराब झाली आहे.

वजनाचा मोह तर फारच महाग पडतो. शिमानोचे साधे एम५२० पेडल जोडीने ३८० ग्रॅम भरते आणि त्याच कंपनीचे सर्वांत वरच्या श्रेणीचे एक्सटीआर ३१० ग्रॅम. सत्तर ग्रॅम वाचवण्यासाठी किंमत कित्येक पटींनी वाढते. आतील रचनेचे तत्त्व मात्र दोहोंत एकच: पोलादी आस, त्याभोवती छर्ऱ्यांच्या दोन रांगा आणि छर्रे कमी-जास्त आवळता येतील असा कोन व नट. शर्यतीत सेकंद मोजणाऱ्यास सत्तर ग्रॅमचे मोल असेल; रविवारच्या स्वारास नाही. टायटॅनियमच्या आसाची हौस असलेल्यांनी स्वाराच्या वजनाची मर्यादा आधी वाचावी.

या रचनेचा मोठा गुण हा की ती उघडता येते. एम५२० मध्ये आसाच्या मुळाशी बारीक खाचांची एक प्लास्टिकची कडी असते. तिच्यासाठी स्वतंत्र खाचांचे हत्यार मिळते, ते फार महाग नाही. पकडीने कडी फिरवण्याचा उद्योग करू नये. कडी तडकते आणि दुरुस्तीची वस्तू भंगाराची होते. कडीचे आटे कोणत्या दिशेने आवळतात, याचा बाण तिच्यावरच असतो. तो पाहावा, कारण उजव्या पेडलच्या कडीला डावे आटे असतात. कडी सुटली की आस छर्ऱ्यांसकट अखंड बाहेर येतो. जुने, काळवंडलेले ग्रीस फडक्याने पुसावे, पेडलच्या पोकळीत पाण्यास दाद न देणारे नवे ग्रीस साधारण निम्मे भरावे आणि आस पुन्हा आत फिरवत न्यावा. आस आत जाईल तसे नवे ग्रीस छर्ऱ्यांतून वाट काढते आणि जुना मळ सीलपाशी बाहेर ढकलते. छर्रे मोकळे करण्याची गरजही पडत नाही. सारे काम अर्ध्या तासाचे.

ढिलेपणा असेल तर मात्र कोन आणि नट हाती घ्यावे लागतात, आणि येथे घाई चालत नाही. नट आवळताना कोनही थोडा सरकतो, म्हणून बरोबर बसवलेली घट्टाई शेवटच्या पिळाला बिघडते. दोन-तीनदा सोडून पुन्हा आवळावे लागते. छर्रे ३/३२ इंचाचे, मोहरीसारखे घरंगळणारे. ताटात काम करावे.

अमेरिकेच्या क्रँक ब्रदर्सचे एगबीटर पेडल निराळ्या विचाराचे आहे. अंडी फेटण्याच्या यंत्रासारखे चार पात्यांचे हे पेडल चारही बाजूंनी पाय धरते, आणि चिखल अडकायला त्यात जागाच थोडी. त्याची क्लीट पितळी, म्हणून लवकर झिजते. आत एका टोकास बेअरिंग आणि क्रँककडच्या टोकास सरकत्या पदार्थाचे बुश असते. बुश झिजले की पेडल डुलू लागते. ते घट्ट करता येत नाही, बदलावेच लागते. त्यासाठी सुट्या भागांचा संच मिळतो. म्हणून घेण्यापूर्वी दुकानदारास किमतीआधी हे विचारावे: संच आपल्या गावात मिळेल का? ज्या पेडलचा एकही भाग सुटा मिळत नाही, ते कितीही चकाकले तरी पहिल्या बिघाडाला खात्यावरून उडवायचे, हे धरून चालावे.

नुकसान बहुधा वापराने होत नाही, धुण्याने होते. गाड्या धुण्याच्या केंद्रात पाण्याचा जोरदार झोत पेडलवर मारला की सीलमागे पाणी जाते. पातळ फवाऱ्याचे तेल आसापाशी मारणेही तितकेच घातक, कारण ते ग्रीस विरघळवते. तेलाचा थेंब हवा तो जबड्याच्या स्प्रिंगवर आणि तिच्या खिळीवर. पावसाळा संपला, दिवाळीच्या वह्या अजून यायच्या आहेत, हा काळ पेडल उघडण्यास उत्तम.

पेडल क्रँकवरून काढताना घरोघरी एकच घोटाळा होतो. डाव्या पेडलचे आटे डावे असतात. नेहमीच्या सवयीने फिरवले तर ते आणखी घट्ट बसते. पाना वरच्या बाजूस धरून मागच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही पेडल सुटतात. बसवताना आटे आधी बोटांनी, ग्रीस लावून फिरवावेत. पोलादी आस क्रँकच्या ॲल्युमिनियममध्ये तिरका गेला तर आटे क्रँकचे जातात. आणि आतील बेअरिंग पूर्ण अडकले, तर पाय पुढे मारता मारताच पेडल क्रँकमधून उलगडू लागते. खरखरीकडे दुर्लक्ष केल्याचा तो शेवटचा टप्पा.

क्लीटची झीज डोळ्यांना लवकर दिसत नाही. नव्या क्लीटशेजारी जुनी ठेवली तरच तिच्या बोथट झालेल्या कडा कळतात. पाय कधी सहज सुटतो, कधी सुटत नाही, असे मुलगा सांगू लागला तर पेडलला दोष देण्यापूर्वी क्लीट बदलावी. स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करणारे स्क्रू एका जोडीत चार असतात, प्रत्येक पेडलच्या दोन बाजूंस एकेक. शिकाऊ मुलासाठी चारही सैल ठेवावेत, आणि टिचक्या मोजून सारखे ठेवावेत. भिंतीला हात टेकून पाय अडकवण्या-सोडवण्याचा सराव झाल्यावरच त्याला उतारावर जाऊ द्यावे.